दांडीवरची सीट

यांना पहिला झटका आला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकदमच गेलं. हातपाय थोडेफार परत आले, बोलणं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत आहे, फक्त शब्द सापडत नाहीत. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शब्द न सापडणारी पोरं मी रोज पाहिली आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावर खेकसलेही. आता तसा एक विद्यार्थी माझ्याच घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत, बहात्तराव्या वर्षी येऊन बसला होता आणि त्याच्यावर खेकसायची सोय नव्हती.

चार शब्द उरले होते. "हां", "नाही", "थांब" आणि "सायकल". याखेरीज सकाळची वंदना. ती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही अक्षर न चुकता. स्पीच थेरपीला येणाऱ्या बाई सांगायच्या की पाठ असलेलं दुसरीकडे साठवलेलं असतं, ते राहतं. म्हणजे पंचशील घेता येत होतं आणि चहा मागता येत नव्हता. माझं नाव त्यांनी लग्नानंतर कधी घेतलंच नव्हतं, "अगं" म्हणायचे. ते "अगं"सुद्धा गेलं.

"सायकल" हा शब्द का राहिला, हे आमच्या लेकीला कळेना. आमच्याकडे सायकल नाही. धायरीत हा फ्लॅट घेतला त्याच्या आधीच ती भंगारवाल्याकडे गेली होती. पण हे दिवसातून दहा-वीसदा म्हणायचे, "सायकल," आणि डावा हात छातीपुढे आडवा धरायचे, तळवा खाली, कशावर तरी ठेवल्यासारखा. मग तो हात सावकाश बाजूला न्यायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी गप्प राहिले की "नाही, नाही" करत मान हलवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

एकदा थेरपीच्या बाईंनी त्यांच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली. हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. एवढीशी रेघ वाकडी गेली तर कागद फाडून नवा घेणारा माणूस. डाव्या हाताने त्यांनी दोन वेडेवाकडे गोल काढले, त्यांना जोडणारी दांडी काढली आणि दांडीवर, हँडलच्या जरा अलीकडे, एक छोटा चौकोन काढला. त्या चौकोनावर पेन्सिल टेकवून माझ्याकडे बघत बसले. पेन्सिलीचं टोक मोडलं तरी उचलली नाही.

लेक त्या दिवशी खराडीहून आलेली होती. ती म्हणाली, "डबा असेल. पप्पा ऑफिसला डबा न्यायचे ना सायकलला लावून?"

"असेल," मी म्हटलं. "डबाच असेल."

तो डबा नव्हता. ती सीट होती.

लेकीच्या आधी आम्हाला एक मुलगी होती. अडीच वर्षांची होऊन गेली. तेव्हा आम्ही येरवड्याला सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. यांनी सायकलच्या दांडीवर तिच्यासाठी छोटी सीट बसवून घेतली होती, लाल रेक्झिनची, खाली पाय ठेवायला पट्टी असलेली. ती त्यावर बसली की तिचं डोकं बरोबर यांच्या छातीशी यायचं. रस्ता सरळ असला की हे एका हाताने हँडल धरायचे आणि दुसरा तिच्या डोक्यावर ठेवायचे. मी दारातून ओरडायचे, दोन्ही हातांनी चालवा म्हणून.

त्या वर्षी मला निवडणुकीची ड्युटी लागली, दूर तालुक्यातल्या एका गावात. निघाले तेव्हा पोरीचं अंग कोमट लागत होतं. दाढा येत असतील, असं मी म्हटलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी मतदान, मग मतपेट्या जमा करणं, तिसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले तेव्हा घरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती आणि सगळं उरकलेलं होतं. मला निरोप पाठवला होता म्हणे, तो मला मिळालाच नाही. शेजारच्या बाईंनी सांगितलं की दुपारी ताप एकदम चढला, पोर मान टाकायला लागली, यांनी तिला सायकलवर घेतलं आणि बंडगार्डनच्या पुलावरून पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. परत आले ते सायकल हातात धरून, चालत. त्याच संध्याकाळी पाना घेऊन त्यांनी सीट काढून टाकली. दांडीवर रंग घासल्याचे दोन पट्टे राहिले, ते सायकल भंगारात जाईपर्यंत होते.

या विषयावर मी आयुष्यात एकच वाक्य बोलले. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती तेव्हा बोलले. "रिक्षा का नाही केलीत?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर आम्ही चाळीस वर्षांहून जास्त एकत्र जेवलो, झोपलो, भांडलो, घर घेतलं, लेकीचं लग्न लावलं. लेकीला त्यांनी दांडीवर कधी बसवलं नाही, कायम मागे कॅरिअरवर, पाय सांभाळ म्हणत. तिला एवढंच माहीत आहे की तुझ्या आधी एक होती.

तर तो चौकोन बघितला तेव्हाच मला कळलं होतं. हे मला उत्तर द्यायला बघत होते. ते सांगायला इतकी वर्षं शब्द होते तेव्हा सांगितलं नाही, आणि आता शब्द नाहीत तर दिवसातून वीसदा सांगायला बघत होते. आणि मी त्याला डबा म्हटलं.

मला भीती वाटत होती. रिक्षा मिळालीच नव्हती असं असेल, तर मी इतकी वर्षं या माणसाच्या छातीवर एक खोटा आरोप ठेवून त्याच्या शेजारी झोपले. आणि रिक्षा मिळत असूनही केली नसेल, तर मग मला काय करायचं होतं ते कळून? दोन्हीतलं कुठलंच उत्तर मला या वयात नको होतं.

लेक आयटीत आहे. तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक ॲप असतं. पुढच्या रविवारी ती टॅबलेट घेऊन आली. म्हणाली, "आई, हे बघ. आपण टेक्स्ट टाकायचं, ते व्हिडिओ जनरेट करतं. पप्पांच्या मनात कुठला तरी सीन आहे ना? तू एकेक डिस्क्राइब कर, त्यांना दाखव. मॅच झाला की ते हां म्हणतील. सिंपल."

"आणि ज्याने तो सीन पाहिलाय त्याला लिहिता येत नाही, त्याचं काय?"

"म्हणून तर तू आहेस ना. तू मराठीची टीचर. जितकं डिटेल देशील तितकं ॲक्युरेट येईल."

वर्णनात्मक निबंध, विषय सायकल. मी चटकन तयार झाले. इतकी चटकन की लेकीलाही आश्चर्य वाटलं, कारण मोबाइलवर बिल भरायलासुद्धा मी आढेवेढे घेते. पण माझ्या लक्षात आलं होतं की यात मला शोधत असल्यासारखं दिसता येईल, आणि सापडण्याची गरज नाही. काय लिहायचं ते माझ्या हातात होतं.

दुपारी जेवण झालं की मी यांच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसायचे. चौकटीत वाक्य लिहायचं, बटण दाबायचं, मग पडद्यावर एक गोल फिरत राहतो आणि दोन-तीन मिनिटांनी आठ सेकंदांचं चित्र हलायला लागतं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, पुण्यातल्या रस्त्यावरून सायकल चालवत जाणारा तरुण. आला तो फेटा बांधून. मागे राजवाड्यासारखं काहीतरी, दोन्ही बाजूंना नारळाची झाडं, आणि सायकलला चेनच नाही. मी पुन्हा लिहिलं, फेटा नको. तर दोन माणसं आली, दोघांनाही फेटे. तिसऱ्यांदा "फेटा अजिबात नको" म्हटलं, तर सायकलनेच हँडलवर काहीतरी भगवं गुंडाळून घेतलं. यंत्राचा हा स्वभाव मला लवकर कळला. जे नको म्हणून सांगाल ते आठवणीने देणार. अशी पोरं वर्गात दोन-तीन असतातच.

बाईचं चित्र मागितलं की नथ, नऊवारी, कपाळभर कुंकू. आमच्या घरात सासूबाईंपासून कुणी कुंकू लावत नाही. मी तेही लिहून बघितलं, तर कुंकू मोठं झालं. मराठी बाई कशी दिसते हे त्या यंत्राने कुठून तरी शिकून घेतलं होतं आणि त्यात मी नव्हते.

एकदा तीन चाकांची सायकल आली. तिसरं चाक मधोमध, कशालाच न टेकता, आपापलं फिरत होतं, आणि वर बसलेला माणूस मोठ्या रुबाबात चालला होता. यांनी ते बघितलं आणि हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा लाव. आम्ही ती सायकल सात-आठ वेळा पाहिली. तेवढी एकच दुपार मी आमच्या बाजूने मोजते.

मग मी शोधायला लागले, म्हणजे शोधायचं सोंग करायला लागले. लोणी काळभोरच्या पलीकडे यांचं गाव. तिथून हे सायकलवर शहरात शिकायला यायचे. ते लिहिलं, सोलापूर रस्ता, उसाचे ट्रक, कॅरिअरवर पुस्तकं. "नाही." लेकीला सायकल शिकवली ते लिहिलं. "नाही." ऑफिसच्या फाटकातून एकदा सायकल चोरीला गेली होती आणि दोन दिवसांनी तिथेच परत मिळाली होती, ते लिहिलं. "नाही." प्रत्येक नाहीनंतर डावा हात छातीपुढे यायचा, आडवा, कशावर तरी ठेवलेला. मी मान खाली घालून पुढचं वाक्य टाईप करायचे. टाईप करताना माणसाला कुणाकडे बघावं लागत नाही, ही सोय मला फार आवडायला लागली.

थेरपीच्या बाईंनी विचारलं, "काकू, हाताने ते काय दाखवतात?"

"हँडल," मी म्हटलं. "सायकलचं हँडल."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. हे समोरच बसलेले होते. समज शाबूत होती.

मग मी एक गोष्ट केली, तिची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. यांचे वडील गावातल्या वरच्या आळीतून जाताना सायकलवरून उतरून, ती हातात धरून चालत. आपल्या माणसांना तिथून सायकलवर बसून जायची मुभा नव्हती. ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितलेली. मी पेन्शनीत आल्यापासून यांच्या मागे लागले होते, हे लिहून काढा, आपल्या माणसांनी लिहिलं पाहिजे. हे म्हणायचे, "सगळ्यांनी लिहिलंय. माझ्या बापाने सायकल ढकलली, त्यांच्या बापाने बैलगाडी. तेवढंच एक घडलं का आमच्या आयुष्यात?" तरी मी ते चित्र मागितलं. मनात असं होतं की हे एवढं मोठं दुःख आहे, यापुढे आमचं घरातलं छोटं दुःख झाकलं जाईल. यांनाही वाटेल की हो, हेच सांगायचं होतं, आणि आम्ही दोघं सुटू.

चित्र चांगलं आलं. या वेळी फेटा नव्हता. उन्हातली गल्ली, दोन्हीकडे ओट्यांवर माणसं, मधून एक वाळका माणूस सायकल हातात धरून चाललेला. दवाखान्यातून परत येताना हेही असेच आले होते, सायकल हातात धरून, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं जेव्हा चित्र सुरू होऊन गेलं होतं.

यांनी डाव्या हाताने टॅबलेट ढकलून दिला. तो फरशीवर पडला, काचेचा एक कोपरा तडकला. "थांब," ते म्हणाले. "थांब. थांब." मोठ्याने, अगदी स्पष्ट. इतका स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून महिन्यांत ऐकला नव्हता. मी तुकडे वेचले, फरशी पुसली, आणि चार दिवस टॅबलेट कपाटात ठेवला. पाचव्या दिवशी काढला. थांब म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं असं नाही.

शेवटचं चित्र लेकीच्या समोर दाखवलं. रविवार होता. मी लिहिलं होतं, नवं लग्न झालेलं जोडपं, तो सायकल चालवतोय, ती मागे कॅरिअरवर बसलीय, रस्त्यावर गुलमोहर. यंत्राला असलं काही दिलं की ते खूश होतं. गुलमोहर इतका फुलला होता की रस्ता दिसेना. मुलीला नथ होती, पण कुंकू छोटं होतं. ती त्याच्या पाठीला डोकं टेकून हसत होती.

मी यांच्या कॅरिअरवर आयुष्यात कधी बसलेले नाही. मला चक्कर यायची. मी बसने जायचे, हे सायकलवर, आणि कोण आधी पोचतं त्यावरून वाद. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

यांनी चित्र पूर्ण पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी टॅबलेट दोन्ही हातांनी धरून बसले होते, कारण पुन्हा नाही म्हणाले तर आता लिहायला माझ्याजवळ एकच वाक्य उरलेलं होतं. ते म्हणाले, "हां." माझ्या हातावर डावा हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

लेक रडायला लागली. "आई, मिळालं," म्हणाली, "पप्पांना तुमचे ते दिवस आठवत होते." तिने ते चित्र लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं. दुपारभर टाळ्या, फुलं, हृदयं येत राहिली. किती गोड, काका-काकू म्हणजे आदर्श जोडी, वगैरे. फक्त माझ्या नणंदेने लिहिलं, "वहिनी, तुम्ही कधी बसलात हो कॅरिअरवर?" मी तिला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

वर्गात एखादं पोर पुन्हा पुन्हा चुकीचं उत्तर देतं. बरोबर उत्तर त्याला येत असतं, पण ते तोंडातून काढत नाही. तास संपत आलेला असतो. अशा वेळी मी म्हणायचे, "बरं, बस खाली." त्यांनी मला बरं, बस म्हटलं होतं. त्या दिवसानंतर ते "सायकल" म्हणाले नाहीत. छातीपुढे हात धरला नाही. खिडकीतून बाहेर बघत बसायचे, जेवण समोर ठेवलं की जेवायचे. थेरपीच्या बाईंनी वहीत लिहिलं की रुग्ण शांत झाला आहे.

खरं तर मला टॅबलेटची गरजच नव्हती. हे मी आता लिहिते, तेव्हाही मला ठाऊक होतं. हां किंवा नाही एवढंच उत्तर लागणारा एक प्रश्न होता माझ्याकडे. "रिक्षा मिळाली नव्हती का हो?" दोन्ही शब्द त्यांच्याजवळ शिल्लक होते. इतकं सगळं जाऊन नेमके तेच शिल्लक राहिले होते. त्यांच्या खुर्चीशेजारी दीड-दोन महिने रोज दुपारी मी स्टूलावर बसत होते, आणि पाच सेकंद लागले असते.

दिवाळीच्या आधी दुसरा झटका आला. यातून वाचणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले होते, वाचले. पण वंदना गेली. "हां" गेलं, "नाही" गेलं. आता फक्त मान हलते, वरून खाली, होकाराची. दवाखान्यातून सोडताना तरुण डॉक्टरांनी तपासायला प्रश्न विचारले. तुम्ही खुर्चीत बसला आहात का? मान हलली. बाहेर दिवस आहे का? हलली. तुम्ही बाई आहात का? तशीच हलली. लेक खोलीबाहेर निघून गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आजी, या होकारावर आता विसंबून राहू नका. मी म्हटलं, बरं.

घरी आणल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, एका दुपारी त्यांना भरवून झालं, तोंड पुसलं, आणि मी कपाटातून तो कोपरा तडकलेला टॅबलेट काढला. मला तेव्हा काय वाटत होतं ते मी नीट सांगू शकत नाही. कदाचित एवढंच की वाक्य अजून लिहायचं राहिलंय आणि वही तशीच कोरी देऊन उठायचं नाही. मी लिहिलं. बंडगार्डनचा पूल, दुपार. एक तरुण माणूस घाईने सायकल चालवतो आहे. पुढे दांडीवरच्या छोट्या लाल सीटवर अडीच वर्षांची मुलगी. तिला ताप आहे. एका हाताने त्याने तिचं डोकं छातीशी धरलं आहे. मुलगी हसत नाही.

ते शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. मला त्या यंत्राचा स्वभाव माहीत होता.

गोल फिरत राहिला. मग चित्र हललं. पूल होता, नदी होती, सीट लाल होती. इतक्या वर्षांनी तोच लाल. आणि मुलगी हसत होती. दात दाखवून, मान मागे टाकून, वाऱ्यावर केस उडवत, जत्रेला चालल्यासारखी. तिचा चेहरा आमच्या पोरीचा नव्हता. आमच्या पोरीचा एकच फोटो आहे, त्यात ती रडते आहे, फोटोवाल्याला घाबरून. माझ्या मनात तिचा तोच चेहरा होता, इतकी वर्षं जपलेला. आता डोळे मिटले की आधी ही हसणारी येते. तिला बाजूला सारावं लागतं, आणि रोज ते जरा जास्त अवघड जातं.

तरी मी टॅबलेट त्यांच्यापुढे धरला. आठ सेकंद त्यांनी बघितलं. कुठे बघत होते सांगता येत नाही, डोळे उघडे होते. पुलाच्या शेवटी सायकल पोचायच्या आत चित्र संपलं.

मी टॅबलेट पालथा ठेवला. त्यांचा डावा हात उचलला आणि त्यांच्याच छातीपुढे आडवा धरला, तळवा खाली. "अहो," मी विचारलं, "त्या दिवशी रिक्षा मिळाली नव्हती का?"

मान हलली. वरून खाली.

मी श्वास घेतला. वाटलं, एवढ्यावर थांबावं. थांब हा शब्द या घरात कुणीतरी कधीतरी मानायला हवा होता. पण मी चौतीस वर्षं पेपर तपासलेत. एका उत्तरावर माझा विश्वास बसत नाही.

"मिळत होती, तरी केली नाहीत?"

मान हलली. तशीच, वरून खाली.

त्यांचा हात मी त्यांच्या मांडीवर परत ठेवला आणि उठले. चार वाजले होते. "चहा ठेवू?" मी विचारलं. त्यालाही मान हलली, आणि मी आत जाऊन चहा ठेवला.